बॅटरीला पाणी कोण घालतं?

आधीच सांगते, माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आता बसलाय असंही नाही... फक्त "नाही" म्हणताना पूर्वी जसा आवाज चढायचा तसा हल्ली चढत नाही. मी नाशिकच्या एका शाळेत निवृत्त होईपर्यंत विज्ञान शिकवलं. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या रिक्षावाल्यांशी भर रस्त्यात वाद घातलेत. वर्गात कोणी "बाई, आमच्या गावाला हडळ आहे" म्हणालं की त्याला उभं करून विचारायचे, तू पाहिलीस, की पाहिलेल्या माणसाला पाहिलंस? पोरं खिदळायची. तेव्हा हे इथे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण कुठेतरी सांगायला हवं, आणि घरात सांगण्यासारखं नाही. का नाही ते पुढे येईलच.

आमचं रो-हाउस गंगापूर रोडला, मुख्य रस्त्यापासून जरा आत. घराला लागून एक शेड आहे. तीन बाजूंनी भिंत, वर पत्रा आणि समोर लोखंडी शटर. शटरला एकच कुलूप, त्याच्या दोन किल्ल्या, दोन्ही माझ्याकडे. पत्र्याखालून मांजर येईल एवढी फट आहे. मांजर येतेही. पण मांजर बॅटरीला पाणी घालत नाही.

शेडमध्ये एक जुनी अँबेसिडर उभी आहे, सायीच्या रंगाची. माझ्या वडिलांची. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. सातपूरच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला होते, आणि ही गाडी त्यांनी विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याकडून जुनीच घेतली होती. मागच्या सीटखाली बरेच दिवस कांद्याची सालं निघत. माझे यजमान लवकर गेले, मग आई गेली, आणि अण्णा त्या गाडीसकट माझ्याकडे राहायला आले. म्हणजे सामान एक ट्रंक, आणि गाडी एक. गाडी रोज चालवायची नव्हतीच. दसऱ्याला आणि कधी जुन्या गाड्यांची रॅली निघाली तर. बाकी वर्षभर ती नुसती उभी.

आता ज्यांच्याकडे अशी उभी गाडी आहे त्यांना माहीत असेल, उभ्या गाडीत सगळ्यात आधी मरते ती बॅटरी. इंजिन वाट बघतं, टायर वाट बघतात, बॅटरी बघत नाही. नुसती ठेवून दिली तरी हळूहळू उतरते, आणि उतरलेलीच राहिली की पुन्हा नीट चढत नाही. म्हणून अण्णा ती गाडीतून काढून बाहेर ठेवत. फरशीवर नाही, पाटावर! आमच्या घरात पाहुणा नाही आला तरी चालेल, पण बॅटरी पाटावर बसायची. मी म्हणायचे, "अण्णा, जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते हे जुन्या रबरी खोक्यांच्या काळातलं. आताच्या प्लास्टिकच्या डब्याला काही होत नाही."

"नसेल होत," अण्णा म्हणायचे. "पण पाटावर ठेवल्याने तरी काय होतंय?"

त्यांचे बाकीचे नियमही ठरलेले. अधूनमधून चार्जर लावायचा. चार्जिंग झालं की मग पाण्याची पातळी बघायची. पाणी डिस्टिल्डच. "गंगापूर धरणाचं पाणी कितीही गोड असलं तरी ते आपल्याला, तिला नाही." झाकणं सहा, प्रत्येकावर नाणं घालून फिरवायची खाच. पाणी घालून झालं की झाकणं अशी बंद करायची की सगळ्या खाचा एका दिशेला, शटरकडे तोंड करून. मग टर्मिनलला व्हॅसलीनचं बोट, हिरवट बुरशी चढू नये म्हणून. खाचा एका दिशेला का, याला शास्त्रीय कारण शून्य. पण एक जरी वाकडी दिसली तरी त्यांना चैन पडायची नाही. बघून बघून मलाही तीच सवय लागली. हे लक्षात ठेवा. अण्णांची खूण आणि माझी खूण एकच होती.

अण्णांचा आजार या बॅटरीवरूनच कळला. एकदा शेडमध्ये गेले तर फरशी ओली आणि आंबूस वास. सहाही झाकणांतून पाणी वर आलेलं. अण्णा वाकून आणखी ओतत होते.

"अण्णा, सकाळीच घातलंत की!"

"मी? छे गं. आठवडा झाला हात नाही लावला."

मला वाटलं, वय झालं. मग दुपारी पुन्हा. मग रोज. अॅसिडचे थेंब उडून त्यांच्या पायजम्याला भोकं पडायची आणि ते मला विचारायचे, उंदीर झालेत का घरात? पहिल्या वर्षी डॉक्टरांनी केलेल्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. दुसऱ्या वर्षी आल्या नाहीत. शेवटी मी शटरला कुलूप घातलं आणि दोन्ही किल्ल्या कमरेला खोचल्या. अण्णा दुपारी शटरसमोर उभे राहून म्हणायचे, "उघड ना बाई, तहानली असेल ती." बाई म्हणायचे मला. मी त्यांची मुलगी आहे हे तोवर गेलं होतं, कोणीतरी किल्लीवाली बाई एवढंच उरलं होतं. शाळेची बाई म्हणून आयुष्य काढलं, पण ती एक हाक कधी सवयीची झाली नाही.

असं बरंच चाललं. कोणी आजारी माणसाचं केलं असेल त्याला सांगायला नको, आणि केलं नसेल त्याला सांगून उपयोग नाही. अण्णा गेले तेव्हा मी रडले, आणि मग खूप झोपले. उठले तरी थकवा गेला नव्हता. तो अजून आहे.

गाडी विकायची असंच ठरवलं होतं. सिन्नरचे एक कारखानदार, जुन्या गाड्यांचे हौशी, मागेच लागले होते. त्यांचं म्हणणं, "ताई, चालू करून दाखवा फक्त, मी येऊन घेऊन जातो." चालू करायची तर बॅटरी हवी. अण्णांची शेवटची बॅटरी कधीच मेली होती. म्हणून मी द्वारका चौकातल्या एका दुकानात गेले.

दुकानातला मुलगा गोड बोलणारा होता. "मॅडम, गाडी उभीच असते ना? मग सील्ड घ्या. पाणी नको, काही नको. वर एक ऑटोमॅटिक चार्जर लावून टाका, भरली की आपोआप थांबतो. बसवा आणि विसरा."

सल्ला अगदी बरोबर होता. माझ्यासारख्या दमलेल्या बाईला तर हेच पाहिजे होतं. आणि मी काय म्हटलं असेल? "पाणी घालायची असते ती आहे का?"

"आहे ना. ट्रॅक्टरवाले नेतात. पण मॅडम, तिच्या मागे लागावं लागतं हं."

"असू दे," मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे. इतकी वर्षं कोणाच्या ना कोणाच्या मागे लागण्यात गेली, एकदम मोकळं राहायची भीती वाटली असेल. दुकानाचा माणूस घरी येऊन ती पाटावर ठेवून गेला. मला ती उचलत नाही. पांढरट डबा, बाहेरून पाणी दिसतं, खाली-वर दोन रेघा. पाणी त्या दोन रेघांमध्ये ठेवायचं, इतकं सोपं.

आणि गाडी? आज विकू, उद्या विकू करत राहिलीच. सिन्नरला फोन करायचंही जीवावर यायचं.

एके दिवशी मी जुना चार्जर लावला आणि काढायचा विसरले. हे आधीच सांगते, मी विसरले. आठवलं तेव्हा बॅटरी चांगली तापली होती आणि पाणी खालच्या रेघेला टेकलं होतं. डिस्टिल्ड वॉटर संपलेलं. दुसऱ्या दिवशी कॅन आणला, शटर उघडलं, वाकले... पाणी वरच्या रेघेला. सहाही खणांत, एकसारखं. झाकणांच्या खाचा शटरकडे. टर्मिनलला ताजं व्हॅसलीन, बोटाचा ठसा दिसेल असं. माझ्या हातात कॅन, त्याचं सील अजून फोडलेलं नाही.

मी तशीच खाली बसले. भुताबिताचा विचार मनात आला नाही. मला दिसले ते अण्णा, ओल्या फरशीवर वाकलेले, "मी? छे गं" म्हणणारे. हे माझंच काम असणार. जुन्या बाटलीत तळाशी थोडं पाणी राहिलं असेल, मी काल संध्याकाळीच घातलं असेल आणि मला आठवत नसेल. अण्णांचंही असंच तर सुरू झालं होतं.

पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी "उद्या घालते" म्हणून शटर ओढावं आणि उद्या ते घातलेलं असावं. मी कोणाला बोलले नाही. डॉक्टरांकडे मात्र गेले. त्यांनी चित्रं काढायला लावली, उलटे आकडे म्हणायला लावले, डोक्याचा फोटो काढला. मग हसून म्हणाले, "बाई, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं आहे. तुम्हाला झालाय तो थकवा. विश्रांती घ्या." मी म्हटलं, पहिल्या वर्षी अण्णांचंही सगळं बरं होतं.

नेमकं त्याच सुमाराला मुग्धाचा फोन आला. मुग्धा माझी एकुलती एक लेक, बंगळुरूला नोकरीला. तिला दिवस गेले होते. मी आनंदाने रडले, पण तिचं दुसरं वाक्य येईपर्यंतच.

"आई, माझी रजा संपली की बाळाला तूच सांभाळायचं हं. पाळणाघरात नाही ठेवणार मी. सासूबाई गुडघ्यांनी बेजार आहेत. तूच."

"हो गं बाई. मी नाही तर कोण?" मी म्हटलं. फोन ठेवला आणि शेडकडे बघत बसले. जी बाई आपण बॅटरीला पाणी घातलं की नाही हे सांगू शकत नाही, तिच्या हातात तान्हं मूल द्यायचं? आंघोळीचं पाणी गरम किती, ते मी बघितलं की बघायचं राहिलं? गॅस? बाल्कनीचं दार? आणि मुग्धाला सांगावं तर तिला माझी काळजी, बाळाची काळजी, वर नोकरी... सांगणार कसं? पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण मीच म्हटलं, तुझे डॉक्टर तिथले, मीच येते तिकडे. सगळ्यांना वाटलं केवढी समजूतदार आई.

निघण्याआधी मी एक प्रयोग केला. शेवटी विज्ञानाची बाई. बॅटरीतलं पाणी ड्रॉपरने काढून खालच्या रेघेवर आणलं. सोड्याच्या पाण्याने टर्मिनल पुसून कोरडे केले, व्हॅसलीनचा मागमूस ठेवला नाही. झाकणांच्या खाचा मुद्दाम वाकड्यातिकड्या लावल्या. नवा कॅन भरलेलाच पाटाशेजारी ठेवला. मोबाइलवर फोटो काढला. घराचा मेन स्विच बंद केला. शटरला कुलूप, दोन्ही किल्ल्या पर्समध्ये. मी बंगळुरूला असताना बॅटरीत काही बदल झाला नाही, तर इतके दिवस ते मीच करत होते हे नक्की. मग मुग्धाला सगळं सांगायचं आणि बाळापासून लांब राहायचं. आणि बदल झाला तर... तर ते मी नव्हे. मग जे कोण असेल ते असो. भूत असलं तरी चालेल. खरं सांगू? आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून म्हटलं, देवा, भूत असू दे.

समोरच्या घरात रझियाभाभी राहतात. कपडे शिवतात. त्यांचं मशीन खिडकीशी असतं आणि खिडकी बरोब्बर आमच्या शटरसमोर. त्यांचा मोठा मुलगा माझा विद्यार्थी, म्हणून त्याही मला बाईच म्हणतात. निघताना त्यांना म्हटलं, "भाभी, घराकडे लक्ष ठेवा."

"तुम्ही बेफिकीर जा, बाई. माझी नजर आहे. नातीचं नाही तर नातवाचं तोंड बघूनच या."

नात झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. मी तिथे दीडेक महिना राहिले. मालिश, शेक, आंघोळ, डिंकाचे लाडू सगळं केलं. पण कसं केलं ते माझं मला माहीत. आंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवायचं, मग पुन्हा, मग पुन्हा. मुग्धा म्हणाली, "आई, किती वेळा बघतेस? मला लहानपणी अशीच घालायचीस का गं आंघोळ?"

"तुला काय, कशीही घातली तरी तू रडायचीसच," मी म्हटलं. ती हसली. मी मोरीत तोंड फिरवून पदराने डोळे पुसले.

परत आले ती भर दुपारची. रिक्षातून उतरले, बॅग पायरीवर टाकली, चप्पलसुद्धा काढली नाही, आधी शटर. शेडमध्ये सगळं जसंच्या तसं. गाडीच्या बॉनेटवर धुळीचा थर, त्यावर मांजराची पावलं. मी पाटापाशी गेले.

पाणी वरच्या रेघेला होतं.

खाचा सगळ्या शटरकडे. टर्मिनलला व्हॅसलीन, त्यावर थोडी धूळ बसलेली, म्हणजे आजचं-कालचं नव्हे. कॅन उचलून बघितला, बराच हलका लागला. मीटर लावला तर बॅटरी मात्र उतरलेली, इतके दिवस चार्ज न केल्यावर उतरायला हवी तशीच. मेन स्विच बंद होता ना. जे कोण आलं होतं त्याने हाताने करता येईल तेवढंच केलं होतं.

मी चक्क हसायला लागले. मग रडायला. मी नव्हे! मी तेव्हा बंगळुरूला होते, माझी नात माझ्या पायांवर पालथी पडून आंघोळ करत होती. माझं डोकं ठिकाणावर होतं. अण्णा होते ते. जिवंतपणी कुलूप घातलं मी त्यांना, आता कुलूप त्यांना अडवत नाही. मी मोठ्याने म्हटलं, "अण्णा, घाला हो पाणी. हवं तेवढं घाला. सांडलं तरी चालेल." इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. सगळा शीण उतरल्यासारखा. ठरवलं, मुग्धाला आत्ता फोन करायचा. रजा संपायच्या आधीच येते म्हणून सांगायचं.

तेवढ्यात रझियाभाभी पेरू कापून प्लेटमध्ये घेऊन आल्या. बाळाचे फोटो बघितले, "माशाल्ला, नाक तुमच्यावर गेलंय" म्हणाल्या. मग जरा रुसल्यासारखं करून म्हणाल्या, "पण बाई, एक बोलू का? मध्ये येऊन गेलात, तर चहाला तरी थांबायचं. इतके का परके आम्ही?"

"मध्ये कधी?"

"अहो, ईदच्या आदल्या दिवशी. दुपारी. माझं मशीन चालूच होतं, लोकांचे ईदचे कपडे द्यायचे होते ना. बघते तर तुमचं शटर अर्धं वर, आणि तुम्ही वाकून बाहेर येताय."

मी प्लेट खाली ठेवली. "भाभी, माझे वडील असतील... म्हणजे कोणी म्हातारा माणूस दिसला का?"

"म्हातारा कुठला? तुम्हीच होतात. हिरवा गाऊन, केस असे वर बांधलेले, खांद्यावर टॉवेल. मी म्हटलं पण, बाई अशा गाऊनवरच कशा आल्या गाडीतून. हाक मारली ना मी. तुम्ही माझ्याशी बोललात."

हिरवा गाऊन मुग्धाने मला बंगळुरूला घेऊन दिला होता. नाशिकमध्ये तो कोणी पाहिलेला नाही. तो तिथेच ठेवून आले मी.

"काय बोलले?"

"मी म्हटलं, या ना, चहा घ्या. तर तुम्ही हात पुसत म्हणालात, 'नको भाभी, थांबता येणार नाही. तिकडे बाळ एकटं आहे.' आणि शटर ओढून गेलात. घाईत होतात फार. चेहरा असा उतरलेला. मला वाटलं, काही काम निघालं असेल, जावई गाडी घेऊन आले असतील."

भाभींची दृष्टी चांगली आहे. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवतात. थापा मारायचा स्वभाव नाही, आणि मारायचं कारण तर अजिबात नाही.

त्या गेल्यावर मी मुग्धाला फोन लावला. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, ईदच्या आदल्या दिवशी काय काय केलं होतं गं आपण?

"आदल्या दिवशी? माझं चेकअप होतं ना. ईदची सुट्टी म्हणून डॉक्टरांनी एक दिवस आधी बोलावलं होतं. बाळाला तुझ्याकडे ठेवून गेले होते. का गं?"

"काही नाही. असंच आठवत होते."

"हां, त्याच दिवशी तू मला घाबरवलं होतंस की! बेल वाजवून वाजवून थकले, शेवटी माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. आत बाळ रडून लाल झालेलं, आणि तू पाळण्याशेजारी खुर्चीत बसलेली. डोळे उघडे! मी हलवलं तर म्हणालीस, 'झालं, आलेच.' किती दमतेस आई तू. म्हणून तर मी तुला नाशिकला पाठवलं, जरा आराम कर म्हणून."

मला ती दुपार आठवते. म्हणजे मला असं आठवतं की खुर्चीत बसले, पाळण्याला एक झोका दिला, आणि डोळा लागला. स्वप्नही पडलं नाही. जाग आली तेव्हा मुग्धाने बाळ उचललं होतं, आणि माझ्या बोटांना व्हॅसलीन होतं. बाळाला पुरळ आलं होतं, त्याला लावत होते म्हणून असेल. असेलच.

आता यातलं तुम्हाला कोणाला काही कळत असेल तर सांगा. बंगळुरूहून नाशिक, एका दुपारीत, अंगावरच्या गाऊनवर, बंद कुलपातून. मी हे वर्गात ऐकलं असतं तर सांगणाऱ्याला बाकावर उभं केलं असतं. नवे डॉक्टर, नवे फोटो, सगळं पुन्हा करून झालं. माझं डोकं उत्तम आहे म्हणतात. गाडी विकून टाका असं तुम्ही म्हणाल. सिन्नरच्या साहेबांचा फोन अजून येतो. पण ती गाडी इथे आहे तोवर मी कुठे जाते ते मला माहीत तरी आहे. विकली तर सिन्नरला कुठे शोधत फिरू स्वतःला?

शेडमध्ये येणारे अण्णा असते तर बरं झालं असतं. त्यांच्याबरोबर मी राहिले असते, सवय होती. त्या दुपारी पाळण्याशेजारी मी नव्हते, एवढं मात्र कुठूनही बघितलं तरी खरं दिसतं. बाळ एकटं होतं. मीच तसं म्हणाले होते.

मुग्धाची रजा परवा संपते. उद्या मी निघतेय. तिला एकच अट घातली, दिवसभराची बाई ठेव, पगार माझ्या पेन्शनमधून देऊ, पण बाळाजवळ मला एकटीला ठेवून जायचं नाही. कधीच नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही.

"असं काय गं आई?" ती म्हणाली. "घरची आजी असताना बाई कशाला?"

"दमते गं मी हल्ली," मी म्हटलं.

तेवढं तरी खरं सांगता आलं.